लीदमास्तर आणि एक उकार

लीद उचलण्याआधी ते गाढवीला विचारायचे, "घेऊ का गं?" आणि उत्तराची वाट बघायचे.

सूक्ष्मदर्शकात बघताना चष्मा कपाळावर चढवायचे. नंतर तो टेबलाखाली शोधायचे.

मोजताना ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. मध्येच कोणी बोललं तर डाव्या हाताचं एक बोट वर व्हायचं. ते बोट खाली येईपर्यंत मालकीणबाईसुद्धा गप्प राहायच्या.

हात तीनदा धुवायचे. तिसऱ्यांदा धुतल्यावर वास घेऊन बघायचे. मगच चहाचा कप धरायचे.

"घाण" म्हणायचे नाहीत. "माल" म्हणायचे.

शिंगरू वाटेत आडवं उभं असलं तर त्याला हाकलायचे नाहीत. स्वतः वळसा घालून जायचे.

खिशात दोन खडू. एक पांढरा, एक निळा. निळा कशासाठी, ते बरेच दिवस कुणालाच कळलं नाही.

नऊ दिवसांपूर्वी मी ही सगळी वाक्यं वर्तमानकाळात लिहिली असती.

ते मास्तर नव्हते. एका शाळेच्या प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं मदतनीस होते. बाटल्या धुवायच्या, मिश्रणं करून ठेवायची, फुटलेल्या काचा वेचायच्या. शिकवणारे प्रयोग विसरायचे आणि यांना ते पाठ असायचे, म्हणून मुलांनी यांनाच मास्तर केलं. निवृत्तीच्या दिवशी शाळा त्यांना भिंतीवरचं घड्याळ देणार होती. ते म्हणाले, "घड्याळ नको. तो मोडीत निघालेला सूक्ष्मदर्शक द्या." त्याच्या भिंगाला कडेला एक चरा होता. ते म्हणायचे, "मधून बघायचं. कडेला कशाला जायचं?"

त्यानंतर पंधरा दिवस ते घरी बसले. सोळाव्या दिवशी काकू म्हणाल्या, "अहो, माझ्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं बंद करा. मीठ मला दिसतं. त्यावर 'मीठ' लिहायला नको. जरा बाहेर पडा."

ते बाहेर पडले. रस्त्याच्या टोकाला जुन्या गोदामात गाढवांचा तबेला आहे. ते तिथे पोचले आणि तिथेच राहिले.

तबेल्यात बावीस गाढवी आहेत. पत्र्याचं छप्पर, उताराची फरशी, मधून नाली. पुढच्या खोलीत पांढऱ्या फरशा, फ्रीज आणि बुटक्या बाटल्या. गाढवीचं दूध म्हटलं की लोक आधी हसतात. ज्यांच्या बाळाला दुसरं कुठलंच दूध चालत नाही, ते हसत नाहीत. ते सकाळी सातला बाटली घेऊन दारात उभे असतात.

गाढवी फार दूध देत नाही. एका वेळेला दीड-दोन पेले, तेही शिंगरू शेजारी उभं असलं तर. नाहीतर ती पान्हाच सोडत नाही. म्हणून सकाळी तीन तास, आणि दुपारच्या धारेलाही, शिंगरांना कठड्यापलीकडे ठेवायचं. आई दिसली पाहिजे, पण तोंड पोचता कामा नये. मग एकेकाला आईजवळ आणायचं आणि धार काढायची. हे काम मावशी करते. ती कुणाचीच मावशी नाही, पण सगळे तिला मावशीच म्हणतात. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले मास्तरसुद्धा.

मी तिथे बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या आणि दुधाची वही लिहायला आले. साहित्याची पदवी होती, दुसरं काम नव्हतं. पहिल्या दिवशी मावशीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"साहित्य शिकून गाढवांत आलीस? बरं केलंस. इथे निदान ऐकून तरी घेतात. कान बघ केवढे."

मास्तरांनी माझं नाव विचारलं नाही. शिक्षण विचारलं. तेव्हापासून मी एमेबाई. मी बीए होते. ते म्हणाले, "होशील गं."

त्यांचं 'लीदमास्तर' हे नाव मावशीनं ठेवलं. आल्या दिवशी त्यांनी तिच्याकडे थोडी लीद मागितली. तिला वाटलं, कुंड्यांना हवी असेल. तिनं गोणीभर भरून दिली.

"एवढी नको हो," मास्तर म्हणाले. "चार ग्रॅम पुरे."

"चार ग्रॅम?" मावशी म्हणाली. "सोनाराकडून आलात का?"

चाऱ्याच्या कोठीत, खिडकीखाली त्यांनी टेबल मांडलं. चार ग्रॅम माल, त्यावर मिठाचं दाट पाणी. ढवळायचं, चहाच्या गाळणीतून गाळायचं. मग ते पाणी एका जाड काचपट्टीत भरायचं. त्या पट्टीला दोन घरं होती, डावं आणि उजवं, प्रत्येकावर बारीक रेघा. पाच मिनिटं थांबायचं. जंतांची अंडी हलकी असतात, खाऱ्या पाण्यात वर तरंगून येतात. मग दोन्ही घरांतली अंडी मोजायची आणि बेरजेला पन्नासनं गुणायचं. एका ग्रॅममध्ये किती अंडी, ते कळतं.

त्यांच्या घरीही अशीच गाळणी होती. दोन्हींची अदलाबदल झाली तेव्हा काकू दोन दिवस बोलल्या नव्हत्या. नंतर त्यांनीच एकीच्या मुठीला लाल दोरा बांधून दिला. "लाल ती गाढवांची," म्हणाल्या. "आणि पुन्हा चूक झाली तर लाल ती तुमची."

त्यांनी मला एकदा त्या भिंगातून बघू दिलं. मला राखाडी पाणी दिसलं. मग हळूहळू एक लंबगोल दिसला. पातळ कवच, आत द्राक्षांचा घोस असावा तसा पुंजका.

"सुंदर आहे," मी म्हणाले.

"आहेच," ते म्हणाले. "म्हणून तर अवघड जातं."

हे सगळं घुमीपासून वाढलं.

घुमी ओरडत नाही. बाकीच्या एकवीस जणी चाऱ्याची गाडी आली की छप्पर डोक्यावर घेतात. ही नुसती मान वर करते. मोठी, करडी, पोट सुटलेलं आणि बरगड्या दिसणाऱ्या. तिचं दूध आटत चाललं होतं. इतर जणी एका धारेला चारशे मिलिलिटर द्यायच्या, ही एकशे ऐंशी. शिंगरूही किडकिडीत. मालकीणबाईंनी ठरवलं होतं की घुमी वीटभट्टीवर द्यायची. भट्टीवाल्याला विटा वाहायला एक गाढवी हवीच होती. शिंगरूही तिच्यासोबत जाणार होतं.

मास्तरांनी घुमीचा माल तपासला. दोन्ही घरं मिळून चौतीस अंडी. म्हणजे ग्रॅमला सतराशे. इतर बहुतेकींची बेरीज दहाच्या आत.

ते वही घेऊन मालकीणबाईंसमोर उभे राहिले. मी चिठ्ठ्या चिकटवत होते.

"मास्तर, मला तिच्याशी वैर नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "पण दूध देणाऱ्यांच्या दावणीला ती उभी आहे आणि दूध देत नाही."

"बाई, ती खाते एकटी आणि जेवतात हजार. तिच्या पोटात वाटेकरी आहेत."

"वाटेकरी सगळ्यांच्याच पोटात असतील."

"असतात. थोडे असले तर गाढवी सांभाळून घेते. घरात एखादा ऐतखाऊ मेहुणा असतो, तसं."

"माझ्याकडे दोन आहेत," मावशी धार काढता काढता म्हणाली.

"मग सगळ्यांनाच औषध देऊन टाकू. दरवर्षी देतोच की."

"तिथेच तर गडबड आहे. उठसूट सगळ्यांना दिलं की जंत औषधाला सरावतात. मग खरी गरज पडेल तेव्हा औषध म्हणजे पाणी. शिवाय औषध दिलं की त्या गाढवीचं दूध काही दिवस विकता येत नाही. बावीस जणींचं एकदम बंद झालं तर सातला दारात उभं राहणाऱ्यांना काय सांगणार? सहा जणींचीच मोजणी जास्त आहे. सहा जणींनाच देऊ. चौदा दिवसांनी परत मोजू. दूध रोज मोजू."

मालकीणबाईंनी वहीतल्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "महिनाभर. घुमी तीनशेच्या वर गेली तर राहील. नाहीतर भट्टीवाल्याला मी शब्द दिलाय."

मास्तर तबेल्यात गेले आणि घुमीचे खूर साफ करायला वाकले. मावशी ओरडली, "अडला हरी, गाढवीचे पाय धरी!"

"धरतो की," मास्तर खालूनच म्हणाले. "अडलोय तर खरं."

गुरांच्या डॉक्टरीणबाईंना हे पटलं. त्यांनी औषधाच्या सहा नळ्या बंद खोक्यातून पाठवल्या आणि दूध कधीपासून विकायचं, ती तारीख लिहून दिली. सोमवारी औषध द्यायचं होतं. पण सोमवार ते गुरुवार मास्तरांना दवाखान्यात जायचं होतं. छातीच्या तपासण्या होत्या. त्यांनी त्याबद्दल कुणाला फार सांगितलं नाही. मावशीला म्हणाले, "फळ्यावर लिहून ठेवतो. तसं करा."

फळ्यावर त्यांनी लिहिलं: *सोमवार. जंतनाशक – घुमी, नकटी, बडबडी, थोरली, बुटकी, लाजरी. यांचं दूध मोजून ओतून टाकायचं. दुपारचं शिंगरांना.*

रविवारी संध्याकाळी मी तो फळा वाचला. जंतुनाशक हा शब्द मी शाळेपासून लिहीत आले होते. जंतनाशक मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, त्यांचा उकार राहिलाय. त्यांची चूक कुणाला दिसायला नको, असंही वाटलं. मी खडू घेतला आणि त-खाली एक उकार काढला.

सोमवारी मावशीनं फळा वाचला. कपाटाच्या खालच्या कप्प्यातला जंतुनाशकाचा पांढरा कॅन काढला, बादलीत पाणी घेतलं आणि सहा जणींच्या जागा धुतल्या. खूरही धुतले. वरच्या कप्प्यातलं खोकं तिनं पाहिलंच नाही. दुपारी तिनं मला विचारलं, "या सहाच जणी जास्त घाण करतात का गं? मास्तरांचं काही कळत नाही." दूध का ओतून टाकायचं, याचं उत्तर तिनं स्वतःच काढलं होतं. तिला वाटलं, जंतुनाशकाच्या वासामुळे असेल.

त्या दिवसांत सहा शिंगरांची चंगळ झाली. दुपारभर आईजवळ.

मास्तर शुक्रवारी आले. धुतलेल्या जागा बघून खूश झाले. "मावशी, औषध नीट झालं ना?"

"एकदम चकाचक," मावशी म्हणाली.

चौदाव्या दिवशी त्यांनी मोजलं. घुमी सदतीस. आधी चौतीस होती. त्यांनी नवीन पट्टी भरली आणि परत मोजलं. अडतीस. बडबडी, थोरली, लाजरी, सगळ्या तिथेच. दूध एकशे पंच्याऐंशी.

चष्मा कपाळावरच राहिला. तो त्यांनी शोधलाही नाही.

"औषध चाललं नाही," ते म्हणाले. "किंवा माझंच डोकं चाललं नाही." त्या दिवशी ते चहा न पिता घरी गेले. घुमीच्या समोरून जाताना थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरीणबाईंना नळीवरची तारीख सांगायला कपाटाकडे गेले. खोकं बंद होतं. त्यांनी ते उघडलं. सहाच्या सहा नळ्या भरलेल्या. ते फळ्यासमोर येऊन उभे राहिले. तो मजकूर अजून पुसला नव्हता. त्यांची अक्षरं उभी आणि बारीक असायची. तो उकार गोल होता.

मी दारातच होते. मला तेव्हा कळलं.

त्यांनी त्या उकाराला बोट लावून बघितलं. मग वळले.

"एमेबाई," ते म्हणाले, "एका शेपटीनं तू हजारोंना जीवदान दिलंस."

"मास्तर, मला वाटलं..."

"बरोबर वाटलं. जंतू असता तर उकार हवाच होता. हा जंत. जंतू दिसत नाही आणि जंताला लाज नाही, एवढाच फरक."

मला रडू आलं. त्यांनी मला बसायला चाऱ्याची पेंढी दिली. स्वतः टेबलाशी जाऊन वहीची पानं उलटत बसले. पाच मिनिटांनी त्यांचा आवाज आला. आवाज बदललेला होता.

"अगं, ऐक. हे तर फार छान झालं."

"काय छान?"

"जागा स्वच्छ झाल्या. दुपारची धार बंद झाली, आराम मिळाला. चारा तोच. फक्त औषध दिलं नाही. आणि दूध वाढलं? नाही. जंत कमी झाले? नाही. आता औषधानंतर दूध वाढलं तर कोणी म्हणणार नाही की आरामानं वाढलं. हे मला आधी सुचायला हवं होतं. तुला सुचलं."

"मला सुचलं नव्हतं, मास्तर."

"उकाराला सुचलं."

वहीत त्या चौदा दिवसांवर त्यांनी निळ्या खडूनं आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: *उकाराचे दिवस.*

मालकीणबाईंना त्यांनी सांगितलं की चूक त्यांच्या अक्षराची होती. मी पुढे झाले तर म्हणाले, "तू चिठ्ठ्या चिकटव." मालकीणबाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं. भट्टीवाल्याला त्यांनी अजून पंधरा दिवस थांबायला सांगितलं. "त्यापुढे नाही, मास्तर," म्हणाल्या. "पंधराव्या दिवशी संध्याकाळी पाचला त्याची गाडी दारात येईल."

दुसऱ्या दिवशी औषध त्यांनी स्वतः दिलं. सहाही जणींना. घुमीच्या गालात बोट घालून जिभेवर नळी रिकामी केली आणि हनुवटी वर धरून उभे राहिले. तिनं गिळल्यावर तिच्या कपाळावर कपाळ टेकलं. मावशी बादली उचलून आत गेली.

चौथ्या दिवसापर्यंत काही नाही. सहाव्या दिवशी दोनशे. नवव्या दिवशी दोनशे तीस. मापाच्या नळीतली रेघ बघायला मास्तर गुडघ्यावर बसायचे, डोळा रेघेच्या समोर यावा म्हणून. बाराव्या दिवशी अडीचशे. तेराव्या दिवशी चाऱ्याची गाडी आली तेव्हा एक नवाच आवाज आला. चिरका, अर्धवट, कुणीतरी गंजलेलं दार उघडावं तसा. आम्ही सगळे बाहेर आलो. घुमी होती.

"झालं," मावशी म्हणाली. "एक तरी शहाणी होती."

चौदाव्या दिवशी दूध दोनशे सत्तर. तीनशेला तीस कमी.

"अंडी मोजून दाखवा," मालकीणबाई म्हणाल्या. "जंत खरोखर गेले असतील तर पुढचं वाढेल, असं मी समजेन. पण आकडा हवा." हे त्यांनी मान वळवून सांगितलं. उद्या पाचला गाडी येणार होती.

त्या दिवशी मास्तर जरा दमलेले होते. जिना चढून आल्यासारखे. चार गाढवींचे आकडे दुपारपर्यंत झाले. शून्य, एक, शून्य, शून्य. राहिलेल्या दोघींचे दुसऱ्या दिवसावर ठेवले. पंधराव्या दिवशी सकाळी थोरलीची मोजणी झाली. एक. मग घुमी.

मी शेजारी उभी होते. डावं घर. ओठ हलत होते, पण मोजताना हलतात तसे नाहीत. रेघेमागून रेघ. शेवटी त्यांनी डोळा उचलला.

"शून्य," ते म्हणाले.

"मास्तर!"

"एका घरावरून बोलायचं नाही. उजवं बाकी आहे. डोळा थकलाय गं. जेवून येतो, मग मोजतो." त्यांनी पट्टीवर वाटी पालथी घातली. वहीत डाव्या घराचा आकडा लिहिला. हात तीनदा धुतले. गेले.

चार वाजले तरी ते आले नाहीत. मालकीणबाईंनी मला पाठवलं.

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात शेजारच्या बायका उभ्या होत्या. दार उघडं. काकू स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या. समोर अर्धं जेवलेलं ताट होतं. ते कुणी उचललं नव्हतं.

"पाच मिनिटं पडतो म्हणाले," काकू म्हणाल्या. "म्हणाले, एक घर राहिलंय. मी म्हटलं, कुणाचं घर? तर हसले." मग म्हणाल्या, "कुणाचं घर गं?"

मी त्यांच्याजवळ बसले. मी सांगितलं. घुमी, पट्टी, डावं, उजवं. त्या मान हलवत ऐकत राहिल्या.

तबेल्यात मी परत आले तेव्हा पाच वाजून गेले होते. भट्टीवाल्याची गाडी दारात होती. मालकीणबाई फाटकात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फाटकाचा दांडा घट्ट धरला.

"गाढवी तयार आहे ना, बाई?" भट्टीवाला म्हणाला.

"मोजणी अर्धी आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

"कसली मोजणी?"

"तिची. अर्ध्या मोजणीवर मी गाढवी देत नाही."

"मग मी कधी येऊ?"

"पुरी झाली की कळवीन."

मला बघताच मावशी आत पळाली होती. ती रडत होती, ते त्याला ऐकू आलं असावं. त्यानं टोपी काढली, परत घातली आणि गाडी वळवली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. मी वाटी उचलली. पट्टीतलं पाणी वाळून मिठाचे खडे झाले होते. त्यात काही दिसलं नसतं.

"ताजा माल आण," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटांत मी मोजून देते."

मालकीणबाई कोठीच्या दारात होत्या. "नको," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग घुमीकडे. त्यांनी पेटी मिटली.

वही टेबलावर त्याच पानावर उघडी आहे. शेवटची ओळ उभ्या, बारीक अक्षरांत आहे. *घुमी. डावं घर: शून्य. उजवं घर:*